वर्ग प्रत्यक्ष हवा, परीक्षा मात्र ऑनलाइन : सिंधुदुर्गातून पाहिलेली एक शिक्षणसेवा

महामारीच्या काळात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना जी ऑनलाइन शिक्षणसेवा मिळाली, तिचे परीक्षण एखाद्या विकत घेतलेल्या सेवेचे करावे तसेच करायला हवे, कारण तिच्यासाठी शुल्क भरले गेले होते आणि ती नाकारून दुसरीकडे जाण्याची मुभा कोणालाच नव्हती. मी २०१९मध्ये सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश घेतला आणि २०२२मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. म्हणजे मधला बहुतेक काळ याच सेवेच्या भरवशावर गेला. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले असल्यामुळे दादरच्या विद्यार्थ्याला आणि देवगडच्या विद्यार्थ्याला एकच परिपत्रक लागू होत असे, पण परिपत्रक काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यांपैकी कोण असे, हे वेगळे सांगायला नको.

माझे मत आधीच सांगते. ऑनलाइन शिक्षण आवडले की नाही, असा सरसकट प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून जी उत्तरे गोळा केली जातात ती फारशी कामाची नसतात, कारण या एका नावाखाली अगदी निरनिराळ्या गोष्टी आमच्या पदरात पडल्या होत्या आणि एकाच विद्यार्थ्याचे प्रत्येक गोष्टीविषयीचे मत वेगळे होते. रेकॉर्ड केलेला तास आम्हाला मनापासून आवडला, थेट तास आम्ही सोसला, प्रात्यक्षिक कसेबसे उरकले आणि परीक्षेची तर चटकच लागली.

सुरुवातीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा आमचे दुसरे सत्र संपत आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिलअखेरच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अंतर्गत गुण आणि आधीच्या सत्राचे गुण यांच्या आधारे आम्हाला पुढच्या वर्षात पाठवण्यात आले. पहिले काही आठवडे शिक्षण म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटावर येऊन पडणाऱ्या पीडीएफ एवढेच होते. मग झूम आले. झूमवरची मोफत बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते, ही त्या सेवेची मर्यादा म्हणून सांगितली जात असली तरी विद्यार्थ्यांच्या लेखी तीच तिची सर्वांत मोठी सोय होती. एप्रिलमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम वापरताना सावध राहण्याची सूचना काढली, पाठोपाठ मे महिन्यात गूगल मीट सर्वांसाठी मोफत झाले, आमचे महाविद्यालय तिकडे वळले आणि तास पुन्हा पूर्ण वेळ चालू लागले.

या सेवेची खरी परीक्षा मात्र ॲपमध्ये नव्हती, ती घराच्या जागेत होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीप्रमाणे २०१७-१८मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. शहरांमध्ये हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. हे आकडे खरे असले तरी कोकणातली अडचण त्यांत पुरती उतरत नाही. आमच्याकडे वाडी बहुधा खोलगटात, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, माड-पोफळीच्या आडोशाला वसलेली असते, कारण विहिरीला पाणी तिथे लागते आणि वाऱ्यापासून घर तिथे वाचते. रेंज मात्र वर, जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पिढ्यान् पिढ्या ज्या शहाणपणाने घराची जागा निवडली गेली, नेमक्या त्याच शहाणपणामुळे फोनमध्ये एकही काडी दिसत नाही. ज्यांच्या खिशात स्मार्टफोन होता आणि त्यात रोजच्या दीड जीबीचा पॅकही भरलेला होता, अशी मुलेही त्यामुळे तासाला बसू शकत नव्हती, आणि पाहणीच्या तक्त्यात मात्र ती ‘सोय असलेली’ म्हणूनच मोजली गेली असतील.

यावर तोडगे निघाले आणि ते पाहण्यासारखे होते. आमच्या वाडीत एकाने माळ्यावर, कौलांच्या अगदी खाली, नायलॉनच्या पिशवीत फोन घालून तो वाशाला टांगला होता. तिथे कशीबशी रेंज धरत असे, आणि त्या फोनचा हॉटस्पॉट खाली पडवीत दुसऱ्या फोनवर घेऊन दोन भावंडे तास ऐकत असत. वरचा फोन उन्हाने आणि चार्जिंगने असा तापे की मधूनच बंद पडे, मग धाकट्याने शिडीवर चढायचे आणि खालून आईने विचारायचे, “रेंज इली काय रे?” ज्यांना हेही जमत नव्हते ते सड्यावर जाऊन दगडी कुंपणाच्या गडग्यावर बसत. सिंधुदुर्गातल्याच एका पशुवैद्यकीय विद्यार्थिनीला तिच्या भावांनी अभ्यासासाठी डोंगरावर खोपी बांधून दिल्याची बातमी २०२०च्या पावसाळ्यात सगळीकडे गाजली. तिचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण त्या बातमीखाली ‘जिद्द असावी तर अशी’ असे लिहिणाऱ्यांपैकी, शुल्क घेऊन दिलेल्या सेवेसाठी विद्यार्थिनीला डोंगर का चढावा लागतो, हे विचारणारे फार थोडे होते.

मुलींच्या बाबतीत तर सडा हा तोडगाच नव्हे. दुपारचे ऊन, पावसाळ्यातला वारा आणि कातळावरच्या दगडांखाली असणारी फुरशी (विषारी साप) यांची धास्ती सगळ्यांनाच असते, पण संध्याकाळच्या जादा तासाला मुलगा एकटा जाऊ शकत होता आणि मुलीबरोबर घरातल्या कोणाला तरी जाऊन बसावे लागत होते. भाताच्या लावणीच्या दिवसांत तसे रिकामे माणूस कोणत्याही घरात नसते. माझ्या वर्गातल्या काही मुलींनी संध्याकाळचे तास बुडवले ते कंटाळ्याने नव्हे. हजेरीच्या यादीत मात्र कारणाचा रकाना नव्हता.

थेट तासाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात जी नाराजी होती तिचे मूळ या हजेरीत होते. तास सुरू झाला की पहिली काही मिनिटे “आवाज येतोय का?” यात जात आणि शेवटची काही मिनिटे क्रमांक पुकारण्यात. मधल्या वेळात शिक्षक एका काळ्या पडद्याशी बोलत असत, कारण डेटा वाचवण्यासाठी आमचे कॅमेरे बंद असत आणि पत्र्यावर पाऊस पडत असल्यामुळे माइकही. आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत असताना शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे फोनमधून येणाऱ्या समीकरणाची काय कथा! अनेक जण तासाला नाव लावून शेतात जात आणि कानात इअरफोन ठेवून लावणी करत; आपला क्रमांक आला की चिखलाचा हात पुसून ‘प्रेझेंट’ लिहीत. यात फसवणूक आहे हे मान्य, परंतु ज्या सेवेत शिकण्यापेक्षा उपस्थिती नोंदवण्याला अधिक मोल दिले जाते तिथे ग्राहक उपस्थितीच पुरवतो. २०२०च्या गणपतीत १० दिवसांचे विलगीकरण पत्करून चाकरमानी गावाला आले आणि त्यांतले कितीतरी जण घरूनच नोकरी करू लागले, तेव्हा तेवढ्याच टॉवरवर मुंबईच्या कचेऱ्यांच्या बैठकाही चढल्या. त्या पंधरवड्यात आमच्या गावातून एकही तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट ऐकता आला नाही.

शिक्षकांना यात दोष देणे मला बरोबर वाटत नाही. त्यांनाही हे कोणी शिकवलेले नव्हते. आमच्या एका मॅडमनी स्टुलावर स्टीलचे डबे रचून त्यांवर मोबाइल उपडा ठेवला होता आणि खाली वहीवर लिहून त्या अभिक्रियेची पायरी न् पायरी दाखवत असत. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर ती वही फळ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसे, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या बाकावरचे अक्षर प्रथमच वाचता आले असे म्हटले तरी चालेल. ज्यांनी छापील स्लाइड लावून त्या वाचून दाखवल्या त्यांचे तास मात्र कोणालाही आठवत नाहीत.

प्रात्यक्षिकांना मी एकही तारा देणार नाही. रसायनशास्त्रात अनुमापन करताना ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचे असते आणि फिनॉल्फ्थॅलीनचा अगदी फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद करायची असते; एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि वाचन चुकते. ही गोष्ट डोळ्याला आणि बोटांना एकाच वेळी शिकावी लागते. आम्ही ती फोनवर पाहिली. सर म्हणत, “बघा, आता येतोय,” आणि नेमके त्याच क्षणी चित्र थिजे. पुन्हा हलू लागे तोपर्यंत शंकूपात्र धुवायला गेलेले असे. जिथे चित्र थिजत नसे तिथेही कमी वेगाच्या जोडणीवर तो फिकट गुलाबी रंग पांढराच दिसे. मग वाचने गटावर येत, सगळ्यांच्या जर्नलमध्ये तीच उतरत आणि सगळ्यांचे उत्तर दशांशापर्यंत सारखे येई, जे खऱ्या प्रयोगशाळेत कधीही घडत नाही. प्राणिशास्त्राच्या मुलांचे हाल निराळे होते. घरापासून हाकेच्या अंतरावर बंदर, तिथे रोज ताजी मासळी उतरते आहे, आणि ही मुले मात्र माशाच्या कल्ल्यांचे चित्र फोनमध्ये बघत आहेत, हा प्रकार मला आजही चमत्कारिक वाटतो. जवळच्या जेटीवर जाऊन एक बांगडा आणा आणि घरी उघडून पाहा, असे एखाद्या महाविद्यालयाने सांगितले असते तर ते ऑनलाइन शिक्षणाचे उत्तम उदाहरण ठरले असते. आमच्याकडे तरी ते कोणाला सुचले नाही.

शुल्काच्या पावतीवर प्रयोगशाळा, वाचनालय आणि जिमखाना ही सदरे मात्र होती तशीच राहिली. विद्यार्थ्यांचा राग अभ्यासक्रमावर जितका नव्हता तितका या पावतीवर होता, कारण फोन, डेटा आणि चार्जिंग यांचा खर्च घरावर पडला होता आणि ज्या खोलीचे कुलूपही उघडले गेले नव्हते तिचेही पैसे आकारले गेले होते.

आता चांगल्या बाजूकडे येते, आणि ही बाजू लहान नाही. तासाचे रेकॉर्डिंग ही या संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट होती आणि तिला मी पाचपैकी चार तारे निःशंकपणे देईन. आमच्या महाविद्यालयात ती मुळात योजलेलीच नव्हती. ज्यांच्याकडे रेंज नव्हती त्यांच्या तक्रारी वाढल्या म्हणून काही शिक्षकांनी तास रेकॉर्ड करून, आकार कमी करून, गटावर टाकायला सुरुवात केली. सड्यावर जाऊन एकदा उतरवून घेतले की रात्री घरात, पाऊस थांबल्यावर, हवे तितक्या वेळा ऐकता येत असे. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अचानक इंग्रजी परिभाषेत येऊन पडलेल्या मुलांसाठी याचे महत्त्व किती, हे ज्याने ते भोगले त्यालाच कळेल. वर्गात न समजलेले वाक्य पुन्हा सांगा म्हणण्याची लाज वाटते. रेकॉर्डिंगला तेच वाक्य कितीही वेळा सांगायला लावता येते. महाविद्यालयात कधी तोंड न उघडणारी मुले व्हॉट्सॲपवर शिक्षकांना खासगीत शंका विचारू लागली, हाही याच काळाचा लाभ. गंमत अशी की विद्यार्थ्यांचे सर्वाधिक भले करणाऱ्या या गोष्टीची हजेरीत मात्र दखल नव्हती, आणि त्यामुळे काही शिक्षकांनी पुढे रेकॉर्डिंग देणे बंद केले, कारण ते मिळाले की थेट तासाला मुले येत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार खरीच होती. पण तिच्यातून निघायचा तो अर्थ कोणी काढला नाही.

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७पासून आहे आणि आयआयटींच्या व्याख्यानांचा ‘एनपीटेल’ हा उपक्रम त्याहूनही जुना, २००३चा. महामारीत या दोन्हींची नावे आम्ही परिपत्रकांतून वारंवार ऐकली. त्यांचा दर्जा वादातीत आहे, परंतु बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आणि आमच्या पाठ्यक्रमाच्या क्रमाशी न जुळणारे असल्यामुळे वर्गातली मोजकीच मुले तिकडे टिकली. बाकीच्यांनी यूट्यूबवरच्या हिंदी शिक्षकांची वाट धरली. त्यातून एक नवी गोष्ट घडली : आपल्या शिक्षकांची तुलना दुसऱ्या कोणाशी तरी करण्याची संधी आम्हाला पहिल्यांदाच मिळाली. काहींचे शिकवणे त्या तुलनेत उणे पडले. पण आमच्या सरांना आमची नावे ठाऊक होती, पेपरात काय विचारतात ते ठाऊक होते आणि अडले तर ते मराठीत समजावत, त्यामुळे शेवटी मुले त्यांच्याकडेच परत येत.

त्यातच निसर्गानेही कसर ठेवली नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आणि टॉवर असे झोपवले की तिथल्या मुलांना नंतर किती तरी दिवस वीजही नव्हती आणि संपर्कही नव्हता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्याच किनाऱ्यावरून गेले, तेव्हा देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलांनी तेच अनुभवले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि तिथल्या विद्यार्थ्यांची पुस्तके, जर्नले, फोन सगळेच पाण्यात गेले. खडू-फळ्याची शाळा पुरानंतर देवळातही भरवता येते. या सेवेला मात्र वीज, टॉवर आणि फोन ही तिन्ही एकाच वेळी लागतात, आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात ही तिन्ही एकाच वेळी असणे हा योगायोगच असतो.

परीक्षेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण विद्यार्थ्यांच्या वृत्तीतला खरा पेच तिथेच आहे. २०२०मध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली होती. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला दिला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाने बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा घेतली. महाविद्यालयांचे समूह करून त्यांच्यावर ती सोपवण्यात आली होती. हीच पद्धत पुढे आमच्याही वाट्याला आली. पहिल्या पेपराच्या वेळी सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, कारण ‘सबमिट’ दाबताना रेंज गेली तर काय, याचे उत्तर मदतीच्या क्रमांकावरही मिळत नसे. दुसऱ्या ऑनलाइन परीक्षेपर्यंत मात्र मुले सरावली. रेंज असलेल्या एखाद्या घराच्या पडवीत चार-पाच जण जमत आणि तिथे काय चाले हे सगळ्यांना माहीत आहे. गुण भरभरून आले. ज्याला कधी साठ टक्के मिळाले नव्हते त्याला नव्वद मिळाले, आणि ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला होता त्यालाही नव्वदच मिळाले. या दुसऱ्या विद्यार्थ्याची कड घेणारे मी फारसे पाहिले नाहीत.

म्हणूनच २०२२मध्ये परीक्षा पुन्हा केंद्रावर घेण्याचे ठरले तेव्हा राज्यात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी ‘ऑनलाइन शिकवले, तर परीक्षाही ऑनलाइनच घ्या’ अशी मागणी केली. दोन वर्षे ऑनलाइन वर्गाला नावे ठेवणारी मुले हीच. त्यांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे, पण त्या मागणीत भीतीचा वाटा चलाखीपेक्षा मोठा होता. सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रियेची यंत्रणा बाण काढून दाखवावी लागते. बहुपर्यायी प्रश्नात बाण काढायचा नसतो, चारांतला एक निवडायचा असतो. दोन वर्षे न काढलेले बाण आणि न लिहिलेली पाने हाताने लक्षात ठेवली नव्हती. तीन तास सलग लिहायचे म्हटल्यावर बोटे आखडत होती.

शिवाय ज्या प्रत्यक्ष वर्गाची आम्ही वाट पाहत होतो तोही सुखासुखी मिळाला नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये निम्म्या उपस्थितीने सुरू झालेली महाविद्यालये दुसऱ्या लाटेत बंद पडली. २० ऑक्टोबर २०२१पासून ती पुन्हा उघडली, आणि थोड्याच दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला जो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वाडीतून सकाळची एसटी हाच ज्यांचा महाविद्यालयात जाण्याचा एकमेव मार्ग होता त्यांच्यासाठी वर्ग उघडले काय आणि बंद राहिले काय, सारखेच होते. वडाप रिक्षाचे भाडे रोज परवडणारे नव्हते. त्या हिवाळ्यात ऑनलाइन तास चालू ठेवा, अशी विनंती आमच्याच वर्गाने लेखी दिली होती, हे मी मुद्दाम नोंदवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१मध्ये ‘स्वयम्’वरून ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे ही सेवा कोणत्या ना कोणत्या रूपात राहणार हे उघड आहे. वाणिज्य किंवा कला शाखेत असाल, घरी रेंज असेल आणि महाविद्यालय तासांचे रेकॉर्डिंग कमी आकारात देणार असेल तर तिचा लाभ जरूर घ्यावा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिके प्रत्यक्ष होणार आहेत का, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे आणि होकार तोंडी न घेता माहितीपुस्तिकेत पाहावा. संपूर्ण सेवेला मी पाचपैकी दोन तारे देते. आमच्या तुकडीची रेकॉर्डिंगे महाविद्यालयाच्या ज्या खात्यावर होती ते आम्ही उत्तीर्ण झाल्यावर बंद करण्यात आले, आणि आता ती ज्यांनी मेमरी कार्डावर उतरवून ठेवली त्यांच्याकडेच आहेत. मागच्या वर्गांतली मुले ती अजून मागून नेतात. महाविद्यालयाने ती पुन्हा सर्वांसाठी खुली केली तर तिसरा तारा द्यायला माझी हरकत नाही.